एकतीसचा ॲव्हरेज आणि फुकटचं पाणी

पुन्हा तेच! रविवारची मिसळ संपायच्या आत कुणीतरी आपल्या गाडीच्या डॅशबोर्डचा फोटो सगळ्यांच्या नाकासमोर धरतो. ॲव्हरेजचा आकडा, लिटरला ३१.४ किलोमीटर. वर शेरा, ‘तुम्हाला गाडीच चालवता येत नाही.’ आणि हात पुसता पुसता दुसरा फटका, ‘आमच्या सोसायटीत पाणी फुकट आहे.’ बास झालं आता.

आधी तो फोटो. आकड्याच्या खालीच ट्रिप मीटर दिसतोय, जेमतेम सहा किलोमीटर. म्हणजे पुण्याजवळच्या कात्रजच्या नव्या बोगद्यातून बाहेर पडल्यावर रीसेट दाबला आणि नवले पुलाशी फोटो काढला. सगळा उतार! गिअरमध्ये असताना ॲक्सिलरेटरवरून पाय काढला की इंजेक्टर बंद होतात, पेट्रोल जातच नाही. मग ३१ काय, ५० पण दिसेल. तीच गाडी पुलाखाली सिग्नलला एसी लावून पाच मिनिटं उभी करा आणि तो आकडा कसा कोसळतो ते बघा. न्यूट्रलमध्ये उतरणाऱ्यांचा तर भयंकर राग येतो. न्यूट्रलला इंजिन आयडलिंगचं पेट्रोल पितच राहतं, वर इंजिनचा ब्रेक जातो. त्या उतारावर न्यूट्रलमधल्या ट्रकांनी काय केलंय ते अख्ख्या पुण्याला माहीत आहे.

ॲव्हरेज काढायचा असतो तो असा. नोझल आपोआप कट होईपर्यंत टाकी भरायची आणि तिथेच थांबायचं, ‘अजून थोडं टाक’ नाही. ट्रिप शून्य. रोजच्या रस्त्याने ३००-४०० किलोमीटर चालवायची. मग त्याच पंपावर, त्याच मशीनवर, पुन्हा कटपर्यंत. जेवढे लिटर बसले त्याने किलोमीटरला भागायचं. आणि हे ओळीने तीन टाक्या. टायरची हवा ड्रायव्हरच्या दाराच्या खांबावरच्या स्टिकरप्रमाणे, तीही सकाळी टायर थंड असताना. माप कमी वाटतंय? पंपावर पाच लिटरचं शिक्का मारलेलं माप ठेवावंच लागतं, ते मागा. हे काही न करता आकडे फेकायचे नाहीत.

‘पण कंपनी २२ सांगते!’ अरे, तो आकडा प्रयोगशाळेत, रोलरवर गाडी चालवून काढलेला आहे. तिथे ना चांदणी चौकातला ट्रॅफिक, ना स्पीडब्रेकर. सीएनजीवाले किलोचा आकडा लिटरच्या आकड्याशी भिडवतात, तेही डोक्यात जातं. रुपये प्रति किलोमीटर काढा की! आणि सिलिंडर ‘साठ लिटरचा’ म्हणजे त्याची पाण्याची क्षमता. गॅस बसतो आठ-नऊ किलोच. पेट्रोलमध्ये मिसळलेल्या इथेनॉलचं तर बोलूच नका. त्यात पेट्रोलच्या साधारण दोन तृतीयांश ऊर्जा, म्हणजे २० टक्के मिश्रणात सहा-सात टक्के ऊर्जा आधीच गेली. मिश्रण वाढण्याआधीचा ॲव्हरेज आज कशाला सांगता?

आता फुकटचं पाणी. पुण्यात पाणीपट्टी मिळकत कराच्या बिलात असते, म्हणून दिसत नाही. टँकर मेंटेनन्समध्ये असतो, म्हणून तोही दिसत नाही. माणशी रोज १३५ लिटर हा सरकारी निकष. चौघांचे ५४०, महिन्याचे १६,२०० लिटर. सगळं टँकरचं असेल आणि १० हजार लिटरला समजा १,५०० रुपये पडत असतील, तर झाले २,४३०. वर फ्लॅट स्वस्त मिळाला म्हणून लांब गेलात, रोज ४० किलोमीटर, महिन्याला २५ दिवस. खऱ्या १५च्या ॲव्हरेजने ६७ लिटर पेट्रोल, समजा लिटरला १०४ रुपये, तर जवळपास ७,०००. ही बेरीज कुणीच मांडत नाही. त्यात सोसायट्यांसाठीचा आदर्श उपविधी, म्हणजे सरकारी नमुना नियम, पाण्याचा खर्च नळांची संख्या आणि आकार बघून वाटायला सांगतो! एकट्या म्हाताऱ्या काकूंच्या घरी सहा नळ आणि सहा माणसांच्या घरीही तसेच सहा नळ, बिल सारखंच. कमोडच्या टाकीचा वॉशर दिवसरात्र गळतोय आणि त्याचे पैसे शेजारी भरतोय. टाकीत खाण्याचा रंग टाका, फ्लश न करता वीस मिनिटं थांबा. भांड्यात रंग उतरला की वॉशर बदला. एवढंही कुणी करत नाही.

आणि टँकर! त्याच्यावर ‘१०,०००’ रंगवलंय म्हणून दहा हजार लिटर आले हे कुणी ठरवलं? हौद ४ मीटर बाय ३ मीटरचा असेल तर दहा हजार लिटरला पातळी ८३ सेंटिमीटर चढायला हवी. पंप बंद करा, महापालिकेच्या लाइनचा व्हॉल्व्ह बंद करा, काठी घाला, आधीचं आणि नंतरचं माप घ्या. ७४च चढली तर आले ८,८८० लिटर. हजार लिटरचा भाव १५० वरून १६९ वर गेला. वॉचमनने न बघता सही केली की संपलं. टँकर तोंड उताराकडे करून उभा केला तर तळातलं थोडं पाणी आतच राहतं, तेही परत जातं.

पुढच्या रविवारी फोटो नको. पेट्रोलच्या तीन पावत्या, मेंटेनन्सचं बिल आणि काठीचं माप घेऊन या. नाहीतर मिसळ खा आणि गप्प बसा.