राणे युद्धावरून घरी आले होते

आज 11 जुलै, 1948 च्या काश्मीर युद्धातले परमवीर चक्राचे मानकरी मेजर रामा राघोबा राणे यांचा स्मृतिदिन. सकाळी नातेवाइकांच्या ग्रुपवर त्यांचा फोटो आला, बरं वाटलं. खालचा मजकूर वाचला तर 'नौशेराच्या रणभूमीवर देशासाठी प्राण अर्पण केले' असं लिहिलेलं. संध्याकाळी एका कार्यक्रमात वक्त्यांनी तेच आवाज चढवून सांगितलं आणि सभागृहात टाळ्या पडल्या. नंतर त्यांना गाठून चूक सांगितली, तर म्हणाले, 'अहो, भावना लक्षात घ्या.' घरी आल्यापासून डोकं तापलंय.

प्राण अर्पण केले नव्हते हो त्यांनी! जखमी झाले आणि परत आले. 1955 साली लग्न केलं, तीन मुलगे आणि एक मुलगी वाढवली, 1968 साली मेजर म्हणून निवृत्त झाले आणि 1994 साली वयाच्या 76व्या वर्षी पुण्यात गेले. आपल्या पुण्यात! आजवरच्या 21 परमवीरांपैकी 14 जणांना हा मान मरणोत्तर मिळाला, सात जणांनी तो जिवंतपणी घेतला. त्या सातांतला एक इतकी वर्षं आपल्यात वावरला आणि आपण त्याला तिशीही ओलांडू देत नाही.

मला राग येतो त्याला घरचं कारण आहे. माझे मामा बॉम्बे सॅपर्सचे, म्हणजे लष्कराच्या इंजिनिअर पलटणीचे, खडकीत तयार झालेले, राण्यांच्याच पलटणीच्या परंपरेतले. एकाहत्तरच्या लढाईत सुरुंग काढायच्या कामावर होते. मामेबहिणीच्या साखरपुड्यात मुलाकडच्या एका पाहुण्यांनी चारचौघांत त्यांना विचारलं, 'मग, किती उडवले?' मामा म्हणाले, 'ते नाही मोजले. माझ्यामागून किती गाड्या सुखरूप गेल्या ते विचारा.' पाहुण्यांनी 'हो का' म्हटलं आणि दुसरीकडे वळले. ते वळणं मला आजही खुपतं.

कारण राण्यांचं शौर्यही नेमकं हेच होतं. नौशेराहून राजौरीकडे रणगाडे जायला रस्ता हवा होता आणि तो सुरुंगांनी, आडव्या पाडलेल्या पाइनच्या झाडांनी आणि उडवलेल्या मोऱ्यांनी बंद केलेला. 8 एप्रिल 1948 ला कामाला सुरुवात होते न होते तोच उखळी तोफांचा मारा झाला. दोन जवान गेले, पाच जखमी झाले, त्यात राणे स्वतः. त्यांनी उरलेल्यांना गोळा केलं आणि काम चालू ठेवलं. बारवालीची टेकडी हाती आल्यावर शत्रूच्या डोळ्यांसमोर, मशीनगनच्या गोळीबारात रात्री दहापर्यंत रणगाड्यांसाठी वळणरस्ता खणला. दुसऱ्या दिवशी पहाटे सहाला परत तिथेच. झाडं सुरुंगाने उडवायची, पुढे जायचं, तीनशे यार्डांवर पुन्हा झाडं. 10 तारखेला पावणेपाचला सुरुवात, रात्री नऊपर्यंत अन्न नाही की विसावा नाही. त्या दिवशी दुपारी दोनला रणगाडे नदीच्या पात्रातून राजौरीच्या वाटेवरच्या चिंगसला पोहोचलेसुद्धा. राणे मात्र मागे राहून रस्ताच मोकळा करत होते, कारण मागून रसद यायची होती. 11 तारखेला अकरा वाजता तो चिंगसपर्यंत खुला झाला. तरी माणूस थांबला नाही, रात्री दहापर्यंत पुढचा रस्ता साफ करत राहिला. 12 तारखेला राजौरी आपल्या हातात आली.

यात 'किती उडवले' या प्रश्नाला उत्तरच नाही. म्हणून भाषणात सांगायला अवघड जातं, आणि मग वक्ते त्यांना सरळ मारून टाकतात. साखरपुड्यातले पाहुणे आणि आजचे वक्ते मला एकाच माळेचे मणी वाटतात.

जे परत आले नाहीत त्यांचं ऋण मोठं आहे, मान्य. त्यावर वाद घालणार नाही.

पण परत येणं सोपं असतं असं कोण म्हणतं? मामी सांगायची, निवृत्तीनंतर कितीतरी वर्षं मामा शेताच्या बांधावरून चालताना खाली बघूनच चालायचे. मुलांना सहलीला पाठवायच्या आदल्या रात्री झोपायचे नाहीत. आणि तेच मामा साखरपुड्याच्या दिवशी त्या पाहुण्यांच्या पंगतीत स्वतः वाढत होते, आग्रह करून जिलबी घालत होते. मी चिडलो होतो, तर म्हणाले, 'पोरीच्या सासरचे आहेत, गप बस.' लेकीसाठी तेवढं गिळलं त्यांनी. राण्यांनी घरी काय काय गिळलं असेल ते त्यांच्या माणसांना ठाऊक. कारवारजवळच्या चेंडियाचं नातं असलेला, पोलीस शिपायाचा मुलगा, 1940 साली साधा जवान म्हणून भरती झालेला, ब्रह्मदेशात जपान्यांशी लढलेला. त्यानंतर परमवीर झाला आणि त्यानंतर चार मुलांचा बाप. हे शेवटचं कुठल्याच भाषणात येत नाही.

लिहिता लिहिता राग जरा उतरलाय. त्या वक्त्यांचा हेतू वाईट नव्हता, फोटोला हार त्यांनी मनापासूनच घातला. पण समोर शाळेची मुलं बसली होती. शूर माणूस म्हातारा होतो, मुलीच्या लग्नाची काळजी करतो, पेन्शनच्या रांगेत आपल्यापुढे उभा असतो, हे त्यांना कळायला नको?

कारवारला समुद्रकिनाऱ्यावर चपल युद्धनौकेच्या संग्रहालयाजवळ राण्यांचा पुतळा आहे. गोव्याला जाणाऱ्यांनी थोडं पुढे जाऊन मुलांना दाखवा आणि वरची हकिगत पूर्ण सांगा, चार मुलांसकट. आणि ज्यांच्या घरी सुरुंग काढणारा, पूल बांधणारा, रस्ता करणारा कुणी फौजी होता किंवा आहे, त्यांनी खाली त्याच्याबद्दल लिहा. निवृत्तीनंतरचंही लिहा. काय खायचे, कुणावर ओरडायचे, नातवंडांना काय शिकवायचे, सगळं. मी एकेक वाचणार आहे.