‘तीन दिवस थांबा’ म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

सध्या सोलापुरातल्या कुठल्याही ग्रुपवर, मग तो भावकीचा असो की गणेश मंडळाचा, एक लांबलचक मेसेज सापडतोच. मथळा ‘डॉक्टरकडे पळण्याआधी हे वाचा’. सार असं : अंगात काही विचित्र वाटलं तर तीन दिवस थांबा. खरा आजार दुखल्याशिवाय राहत नाही. लक्षण आपोआप गेलं तर शरीरानं स्वतःची दुरुस्ती केली. छातीत जळजळ म्हणजे गॅस, आणि अटॅकच असेल तर जोरजोरात खोका. डॉक्टरकडे गेलात की तपासण्यांच्या चक्रात अडकलात. रिपोर्ट नॉर्मल आले तर सगळा मनाचा खेळ.

मी पूर्व भागात मेडिकल चालवतो. लोक काउंटरवर मोबाईल पुढे करून हाच मेसेज दाखवतात आणि ‘मग गोळीच द्या की’ म्हणतात. तो त्यांना का पटतो हे मला कळतं. विड्या वळून, नाहीतर यंत्रमागावर उभं राहून जिथं रोजचा पैसा रोज येतो, तिथं दवाखान्याच्या बाकावर गेलेला दिवस म्हणजे बुडालेली मजुरी. अशा घरात ‘थांबा’ हा सल्ला गोडच लागणार. थांबण्याला माझाही विरोध नाही. सर्दी, अंगदुखी, एखाद्या दिवसाचे जुलाब यांना थांबलेलं चालतं. पण किती थांबायचं हे लक्षणावर ठरतं, आणि या मेसेजनं सगळ्या लक्षणांना एकच घड्याळ बांधलंय.

‘खरा आजार दुखतोच.’

पक्षाघाताच्या बहुतेक झटक्यांत काहीच दुखत नाही. तोंड एका बाजूला ओढलं जातं, हातातला पेला निसटतो, जीभ जड होते. रुग्ण तक्रारच करत नाही, म्हणून घरचे म्हणतात, ‘झोपू दे, सकाळी बघू.’ स्तनातली कर्करोगाची गाठ सुरुवातीला बहुधा दुखत नाही. तोंडातला पांढरा चट्टाही नाही. आपल्याकडे मिसरी लावणाऱ्या बायका आणि मावा खाणारी पोरं गल्लोगल्ली आहेत. (गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आहे. मिळत कुठं नाही, ते सांगा.) तोंडातला फोड किंवा जखम दोन-तीन आठवड्यांत भरली नाही, किंवा तोंड पूर्वीइतकं उघडेनासं झालं, तर ते दाखवायचं, दुखो वा न दुखो. मधुमेह जुना असेल तर हृदयविकाराचा झटकासुद्धा छातीत न दुखता येऊ शकतो. नुसता दम लागतो, घाम फुटतो, गळून गेल्यासारखं होतं.

‘लक्षण आपोआप गेलं म्हणजे शरीरानं दुरुस्ती केली.’

सगळ्या मेसेजमध्ये मला सर्वात जास्त भीती या ओळीची वाटते, कारण ती ऐकायला शहाणी वाटते आणि निम्म्या वेळा खरीही असते.

समजा, एखाद्याचा उजवा हात दहा मिनिटं लुळा पडला, बोलणं अडखळलं आणि मग सगळं पूर्ववत झालं. घरात सुटकेचा श्वास. डॉक्टरांच्या लेखी मात्र ही इमर्जन्सी आहे. मेंदूला रक्त नेणारी वाट काही काळ बंद झाली आणि सुदैवानं उघडली. ज्या कारणानं ती बंद झाली ते कारण अजून शरीरातच आहे. अशा माणसाला मोठा झटका येण्याचा धोका पुढच्या दोन दिवसांत सर्वात जास्त असतो. म्हणजे मेसेज ज्या तीन दिवसांत घरी बसायला सांगतो, नेमके तेच दिवस तपासणीचे आणि औषध सुरू करायचे.

दुसरं उदाहरण डेंग्यूचं. आपल्या शहरात पाणी काही दिवसांआड येतं, म्हणून घराघरांत पिंपं, टाक्या, घागरी भरून ठेवाव्या लागतात आणि डेंग्यूच्या डासाला असंच साठवलेलं स्वच्छ पाणी लागतं. डेंग्यूत ताप बहुधा तिसऱ्या ते सातव्या दिवसाच्या दरम्यान उतरतो आणि धोक्याचे चोवीस ते अठ्ठेचाळीस तास सुरू होतात तेव्हाच. रक्तवाहिन्यांतलं पाणी बाहेर झिरपायला लागतं, रक्तदाब ढासळू शकतो. ताप उतरल्यावर पोट जोरात दुखायला लागलं, उलट्या थांबेनात, हिरड्यांतून रक्त आलं, पोर सुस्त पडलं किंवा लघवी कमी झाली, तर त्याच घटकेला दवाखाना गाठायचा. घरोघरी प्लेटलेटच्या आकड्यावर सगळ्यांचा डोळा असतो आणि पपईच्या पानांसाठी पळापळ असते. पोरानं शेवटची लघवी कधी केली हे विचारलं तर कुणालाच सांगता येत नाही. आणि डेंग्यूची शंका असेल तर तापाला साधी पॅरासिटामॉल. आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅक, ॲस्पिरिन यांनी रक्तस्राव वाढू शकतो. ‘ती स्ट्राँगवाली द्या बे’ म्हणणाऱ्यांना मी रिकाम्या हातानं परत पाठवतो, ते रुसतात.

‘छातीत जळजळ म्हणजे गॅस. अटॅक असेल तर जोरजोरात खोका.’

खोकण्याचा हा सल्ला १९९९ च्या सुमारास ईमेलमधून फिरायला लागला, आता व्हॉट्सॲपवर आलाय. त्याच्या मुळाशी खरं आहे ते एवढंच : अँजिओग्राफीच्या टेबलावर, मॉनिटर लावलेला असताना, हृदयाची लय अचानक बिघडली तर शुद्धीत असलेल्या रुग्णाला डॉक्टर काही क्षण जोरानं खोकायला सांगतात. तेवढ्यात उपचार हाताशी असतात. घरी येणारा झटका म्हणजे हृदयाच्या रक्तवाहिनीत बसलेली गुठळी. ती खोकून निघत नाही. अमेरिकन हार्ट असोसिएशननंही सर्वसामान्यांना हा उपाय सांगायला नकार दिलाय. एकटे असाल तर खोकत बसण्यात जो वेळ जाईल त्यात १०८ ला फोन करा, दाराची कडी काढून ठेवा आणि खाली बसा. बुलेटवर बसून स्वतः दवाखान्यात जायचं नाही.

राहिला गॅस. रात्री दुकान बंद करायच्या वेळेला ‘गॅसची गोळी द्या’ म्हणून येणाऱ्या पन्नाशीच्या माणसाला मी आधी विचारतो : घाम येतोय का? दुखणं जबड्याकडे, खांद्याकडे, हाताकडे जातंय का? जिना चढताना वाढतं आणि थांबल्यावर कमी होतं का? एकाचंही उत्तर ‘हौ’ आलं की गोळी बाजूला, आधी ईसीजी. गोळी घेऊन बरं वाटलं म्हणजे दुखणं हृदयाचं नव्हतं असंही नाही. गॅसच्या औषधानं हृदयाच्या दुखण्यातही थोडा वेळ हलकं वाटू शकतं. शेजाऱ्याच्या डबीतली जिभेखालची गोळीसुद्धा अंदाजानं घेऊ नका. रक्तदाब आधीच खाली असेल तर ती आणखी खाली आणते.

‘कुठलंही लक्षण असो, तीन दिवस द्या.’

पक्षाघातात गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं आणि त्याआधी सीटी स्कॅन व्हावा लागतो. अक्कलकोट किंवा मंगळवेढ्याहून निघायचं तर त्यातला काही वेळ रस्त्यातच जातो. म्हणून रात्री-बेरात्री सीटी स्कॅन कुठं चालू असतो हे घरात आधीच माहीत असावं. ‘अंगावरून वारं गेलं’ म्हणून आधी मालिशवाल्याकडे, मग गावठी औषधाकडे आणि शेवटी सिव्हिलला, असा प्रवास इकडं अजून होतो. ओळखायची खूण सोपी आहे : हसायला सांगा, दोन्ही हात वर धरायला सांगा, एक वाक्य बोलायला लावा. वाक्य मात्र रुग्णाच्या घरच्या भाषेतलं असू द्या. जन्मभर तेलुगू किंवा कानडी बोललेली आज्जी मराठीत अडखळली तर त्यावरून काहीच कळणार नाही.

वयात येणाऱ्या मुलाच्या अंडकोषात अचानक जोराची कळ आली तर तो पिळवटलेला असू शकतो. तो पीळ सहा तासांच्या आत सोडवावा लागतो, नाहीतर तो अंडकोष जाऊ शकतो. पोरं लाजेनं सांगत नाहीत, म्हणून हे बापानं एकदा बोलून ठेवावं. मे महिन्यात पारा चाळिशीपार असताना कुणी बरळायला लागलं आणि अंग तापलेलं असेल तर तो उष्माघात. त्यात पॅरासिटामॉल कामाची नाही. सावलीत घ्या, पाणी ओता, वारा घाला आणि त्याच दमात १०८. पूर्ण शुद्ध नसेल तर तोंडात पाणी घालू नका. कधीच झाली नव्हती अशी, एका क्षणात भडकलेली डोकेदुखीही याच रांगेत.

उलट बाजूनंही मेसेजचं घड्याळ चुकतं. तीन दिवसांच्या खोकल्याला घाबरायचं कारण सहसा नसतं. दोन आठवड्यांवर गेला तर थुंकी तपासायची, आणि क्षयरोगाची ती तपासणी सरकारी दवाखान्यात फुकट होते.

‘रिपोर्ट नॉर्मल, म्हणजे मनाचा खेळ.’

पहिला ईसीजी नॉर्मल येऊनही झटका असू शकतो. म्हणून तर डॉक्टर काही तासांनी ईसीजी आणि रक्ताची तपासणी पुन्हा करतात. आणि खरोखर घबराटीचा झटका निघाला, तर तोही आजारच आहे. धडधड, हातापायांना मुंग्या, आता मरतोय असं वाटणं, हे माणूस मुद्दाम करत नाही. त्यालाही डॉक्टर असतात. ‘तुला काही झालेलं नाही’ एवढं ऐकून घरी आलेला माणूस पुढच्या वेळी खरंच काही झालं तरी तोंड उघडणार नाही.

‘डॉक्टर तपासण्यांच्या चक्रात अडकवतात.’

इथं मेसेजवाला अगदीच खोटं बोलत नाही. ‘फुल बॉडी चेकअप’ची पॅकेजं मीही पाहतो. ठणठणीत माणसाच्या शंभर तपासण्या केल्या तर एखादा आकडा रेषेबाहेर निघतोच, आणि मग त्या आकड्यामागं पळापळ. पण यावरचा उपाय ‘जाऊच नका’ हा कसा होईल? लकवा मारलेल्या माणसाचा सीटी स्कॅन आणि धडधाकट माणसाचं पॅकेज एकाच तागडीत घालता येत नाही. खर्चाची भीती असेल तर आधी सिव्हिलची ओपीडी गाठा. छोट्या तक्रारीला गल्लीतला जुना फॅमिली डॉक्टर पुष्कळ आहे. त्याला तुमच्या घरातली साखर आणि बीपी माहीत असतं. भरती व्हायची वेळ आली तर रेशनकार्ड आणि आधारकार्ड सोबत ठेवा आणि ते हॉस्पिटल महात्मा फुले जनआरोग्य योजनेत आहे का हे दारातच विचारा.

तपासणी लिहून दिली की ‘यातून काय कळणार, आणि नाही केली तर काय बिघडेल?’ असं विचारायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. चालू गोळ्यांच्या पट्ट्या घेऊन जा. ‘ती पांढरी, छोटी’ यावरून मलाही ओळखता येत नाही. लक्षण कधी सुरू झालं, किती वेळ टिकलं, हे कागदावर लिहून न्या. डॉक्टर ‘काही नाही, घरी जा’ म्हणाले तरी खुर्चीवरून उठण्याआधी एक प्रश्न विचारा : काय दिसलं तर मी लगेच परत यायचं? उत्तर चिठ्ठीच्या मागं लिहून घ्या आणि ती चिठ्ठी कपाटात न ठेवता घरातल्या दुसऱ्या कुणाला तरी वाचायला द्या.