उणे पंचवीस हजार दोनशे सोळा

फर्स्ट इयरचं सी प्रोग्रॅमिंगचं प्रॅक्टिकल, प्रयोग सहावा: फॅक्टोरियल, म्हणजे एकपासून त्या आकड्यापर्यंत सगळ्यांचा गुणाकार. सगळ्या जर्नलांत इनपुट ५, आउटपुट १२०. हा १२० सीनियरच्या जर्नलमधून ज्युनियरच्या जर्नलमध्ये वंशपरंपरेनं चालत आलाय. काल मला शिकवायची हुक्की आली. म्हटलं, ८ घाला.

उत्तर आलं -२५२१६.

टर्बो सी हे माझ्या विद्यार्थ्यांपेक्षा वयानं मोठं सॉफ्टवेअर. आम्ही त्याला अजून डॉसबॉक्सच्या (जुने प्रोग्रॅम चालवणाऱ्या सॉफ्टवेअरच्या) सलाइनवर जगवतोय, कारण जर्नलमध्ये पडदा पुसायची त्याची क्लिअर-स्क्रीन ही आज्ञा आहे! असो. मी फळ्यावर सोळा चौकोन काढले. इंट म्हणजे सोळा बिटांचा पूर्णांक, मर्यादा ३२७६७, आपलं उत्तर ४०३२०, डावीकडचा बिट चिन्हाचा... मागच्या रांगेतून जांभई आली.

तेवढ्यात शिपाई मामा मस्टर घेऊन आले. पडदा बघून थबकले.

"सर, नुसता गुणाकार केला तर उणे कसं आलं?"

"मामा, ते मेमरीचं असतं."

"म्हंजे मीटरवानी? आमच्या जुन्या स्कूटरचं नव्याण्णव हजार नऊशे नव्याण्णव झालं की परत शून्य व्हायचं. ह्याचं मीटर अर्धं पुढं, अर्धं मागं. पुढचं संपलं की मागच्या टोकापासून सुरू."

"आऽऽ!" अख्खी बॅच. माझ्या दोन लेक्चरांत हा आवाज एकदाही निघाला नव्हता.

मी घाईनं इंटच्या जागी लाँग, म्हणजे बत्तीस बिटांचा पूर्णांक, करायला लावलं. ४०३२०. हुश्श.

"मोठा आकडा घाला की," मामा टेबलाला टेकले. "तेरा घाला."

१९३२०५३५०४. "बघा, उणे गेलं!" मी जरा जोरातच म्हणालो.

मामांनी चष्मा वर केला. "एक ते तेरा गुणलं म्हंजे मधी धा आलं ना?"

"आलं."

"मग शेवटी शून्य कुठाय?"

लॅबमध्ये फक्त पंख्याचा आवाज. लाँगचंही मीटर फिरलं होतं. खरं उत्तर ६२२७०२०८००, बत्तीस बिटांत मावत नाही. हे मला माहीत आहे. नेट परीक्षेला आलं होतं. पण उणे नाही म्हणजे बरोबर, असं मी पंचवीस पोरांसमोर छाती काढून सांगून बसलो होतो. निदान -२५२१६ला लाज तरी होती; हा आकडा अगदी इस्त्रीचे कपडे घालून खोटं बोलत होता.

एका मुलीनं जर्नलच्या समासात लिहून घेतलं: 'शून्य तपासणे (मामा).' माझ्या नावाची टीप आजवर कुणी लिहिलेली नाही.

मामा पर्मनंट आहेत. मी तासिका तत्त्वावर. सही राहिली की तास गेला, सुट्टी लागली की पगारही सुट्टीवर. नेट-सेट होऊन महिन्याच्या शेवटी आपले तास बोटांवर मोजायचे, आणि बिल कधी निघेल हे ऑफिसात विचारलं की "वरून आलं नाही" ऐकायचं.

मी मस्टर ओढलं, 'तास २' लिहिलं आणि सही केली. मामांनी आकड्याकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"एकच लिवा सर. दुसरा मी घेतला न्हवं?"