नाकावर टिचकी मारण्यापूर्वी

मे महिन्यात यावलजवळच्या आमच्या गावी चिंगी नावाच्या आमच्या गिनी पिगने मुलीच्या तर्जनीला असा कडकडून चावा घेतला की रक्ताचे थेंब फरशीवर पडले. आई ओट्यावरून म्हणाली, “हिले येड लागनं का काय?” आणि जिथून तिला विकत आणले त्या दुकानदाराने फोनवर सल्ला दिला की नाकावर टिचकी मारा, पुन्हा चावणार नाही. मी ती मारलीही. त्यानंतर आठवडाभर माझ्या पावलांची चाहूल लागताच ती कोपऱ्यात थिजून बसे आणि चावायची मात्र तशीच, हे लिहिताना मला आजही लाज वाटते.

गिनी पिग हा मुळात अँडीज पर्वतराजीतला, इतरांचे भक्ष्य होणारा प्राणी आहे. डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंना असल्यामुळे त्याला आजूबाजूचे पुष्कळ दिसते, पण अगदी नाकासमोरचे नीट दिसत नाही. म्हणून वरून येणारा हात त्याला झडप घालणाऱ्या घारीसारखा वाटतो. चावण्याआधी तो बहुधा दात कटकट वाजवतो, डोक्याने हात ढकलतो, मांडीवर असेल तर चुळबुळ करतो. ही चुळबुळ पुष्कळदा लघवी लागल्याची असते आणि खाली सोडले की प्रश्न मिटतो. कोथिंबीर निवडलेल्या हाताचे बोट हलकेच कुरतडणे याला तर मी चावणे म्हणणारच नाही.

चिंगीचे तसे नव्हते. हात पाठीकडे गेला तरच ती चावते, हे मुलीच्या लक्षात आले, माझ्या नाही. केस बाजूला करून पाहिले तर खांद्यामागे कोंड्यासारखे पांढरे पापुद्रे आणि रुपयाएवढे टक्कल पडलेले होते. जळगावच्या पशुवैद्यांनी त्वचेत शिरणाऱ्या सूक्ष्म किडीचे निदान केले, चिंगीसह तिच्या जोडीदारीण मनीलाही वजनानुसार औषध दिले आणि घरातली कोणतीही गोळी देऊ नका असे बजावले, कारण पेनिसिलीनसारखी औषधे या प्राण्याच्या आतड्यातील उपयुक्त जिवाणू मारून जिवावर बेतू शकतात.

दुखणे हेच कारण असेल तर आहारही तपासावा लागतो. माणसाप्रमाणेच गिनी पिगचे शरीर क जीवनसत्त्व तयार करू शकत नाही. त्याला वजनाच्या दर किलोमागे रोज साधारण १० ते ३० मिलिग्रॅम लागते आणि ते कमी पडले की हिरड्या व सांधे इतके दुखतात की उचललेलेही सोसवत नाही. सुके गवत भरपूर आणि सोबत ढोबळी मिरची, कोथिंबीर, पेरूची फोड एवढे पुरते. केळीच्या मुलखात राहून मी हे सांगणे विचित्र वाटेल, पण केळ्यातील साखर त्याला सोसत नाही. महिन्याकाठी एखादी चकती पुष्कळ झाली.

उन्हाचा दोषही माझाच होता. पंचेचाळीस अंशांच्या दिवसांत मी पिंजरा पत्र्याच्या खोलीत ठेवला होता, तर या प्राण्याला २६-२७ अंशांपुढेच त्रास होऊ लागतो. पिंजरा आता आईच्या धाब्याच्या, म्हणजे मातीच्या सपाट छपराच्या, खोलीत असतो. उचलताना आम्ही एक हात छातीखाली आणि दुसरा मागच्या पायांखाली धरतो. आणि ती स्वतःहून आली नाही, तर उचलतच नाही.

टिचकीचा सल्ला देणारे दुकान अजून चालू आहे. परवा तिथे पुन्हा चार पिल्ले आली आहेत, आणि पिंजऱ्यात गवताची एक काडीही दिसली नाही.