दोन ठणक्यांच्या मधल्या काळात दात स्वच्छ ठेवण्याविषयी

दातांच्या दवाखान्यात दर सहा महिन्यांनी जावे, असे छापील पत्रकांत लिहिलेले असते. परंतु सोलापुरातील जाणत्या कुटुंबांत ही भेट तारखेवर नव्हे, तर ठणक्यावर ठरते. दाढ मध्यरात्री ठणकली, लवंगेने ऐकले नाही आणि मेडिकलमधून आणलेल्या गोळीनेही दोन दिवस साथ देऊन तिसऱ्या दिवशी हात वर केले, की मगच सात रस्त्याकडचा किंवा नव्या पेठेतला दवाखाना आठवावा. अशा दोन ठणक्यांमध्ये कित्येक वर्षे जाऊ शकतात, आणि तोवर दात घरच्या घरी लख्ख कसे ठेवावेत हा प्रश्न उरतोच. त्याची उत्तरे आपल्याकडे पूर्वापार तयार आहेत. मी ती केवळ मांडून ठेवतो.

प्रथम ब्रशविषयी. दुकानातला सर्वांत कडक केसांचा ब्रश निवडावा आणि तो सांभाळून वापरावा, कारण ज्या गावची चादर आजीच्या रुखवतातून नातवाच्या वसतिगृहापर्यंत पोहोचते, त्या गावच्या माणसाने ब्रश तीन महिन्यांत टाकून द्यावा, ही अपेक्षाच मुळात अपमानास्पद आहे. केस चहूबाजूंनी फाकले म्हणून विचलित होऊ नये. ब्रशला पुढे डोक्याचा कलप लावायचा असतो, त्याहीपुढे यंत्रमागाच्या कोपऱ्यांतली धूळ काढायची असते. ही बढती त्याला अकाली देण्याची घाई करू नये.

ब्रश हिरडीकडे पंचेचाळीस अंशांत तिरपा धरावा, दोन मिनिटे हलक्या हाताने फिरवावा, असे दंतवैद्य सांगतात. हलक्या हाताने काही स्वच्छ होते यावर कोणाचा विश्वास बसणार? आपण ब्रश मुठीत धरून आडवा, जोर लावून ओढावा, आणि घाम आल्याशिवाय थांबू नये. सोलापूरच्या मे महिन्यात घाम आपसूक येतो, तेवढ्यावर मात्र भागवू नये. दातांवरचे इनॅमल हा शरीरातला सर्वांत कठीण पदार्थ असून तो एकदा झिजला की पुन्हा तयार होत नाही. त्याच्या खालचे डेंटिन जात्याच पिवळसर असते. त्यामुळे जितके घासाल तितका दात पिवळा दिसेल, आणि जितका पिवळा दिसेल तितका तो अधिक घासावासा वाटेल. असा स्वयंपूर्ण व्यायाम दुसऱ्या कोणत्याही आखाड्यात मिळत नाही. हिरडीलगत खाचा पडून माठातल्या पाण्याने सणक जाऊ लागली, म्हणजे आपण पुरेसे खोल पोहोचलो असे समजावे.

हा सारा उद्योग पुढच्या दातांपुरताच ठेवावा, कारण लग्नाच्या फोटोत तेच येतात. खालच्या पुढच्या दातांच्या आतल्या बाजूला, जिभेखालच्या लाळग्रंथी जिथे उघडतात तिथे, दातांवरचा जीवाणूंचा मऊ थर लाळेतल्या कॅल्शियमने दगडासारखा घट्ट होऊन कीटण साचते, आणि एकदा घट्ट झालेले कीटण कोणत्याही ब्रशने निघत नाही. मऊ असताना तो थर रोज सहज निघतो, हे खरे. पण आतली बाजू फोटोग्राफरलाही दिसत नाही, पाहुण्यांनाही नाही.

आता शेंगा चटणीकडे वळू. कडक भाकरी आणि शेंगा चटणी पोटभर खाल्ल्यावर दोन दाढांच्या फटीत जो कूट बसतो, तिथे ब्रशचे केस पोहोचत नाहीत, आणि कीड बहुधा अशाच फटीत, बाहेरून काहीही न दिसता सुरू होते. त्यासाठी फ्लॉस नावाचा दोरा मिळतो. सुताच्या गावात दातांसाठी वेगळा दोरा विकत आणायचा, ही कल्पना आपल्या पूर्वजांनी ऐकलीही नसती. आपल्याकडे आगपेटीची काडी आहे, एसटीच्या तिकिटाचा दुमडलेला कोपरा आहे, आणि घरातल्या ज्येष्ठ व्यक्तीच्या मंगळसूत्राला किंवा बांगडीला कायम अडकवलेली सेफ्टी पिन आहे, जी काट्यापासून कुरडईपर्यंत सर्वत्र चालते. पिनेने फट हळूहळू रुंद होते, हिरडी मागे सरकते आणि पुढच्या वेळी तिथे अख्खा शेंगदाणा मावतो.

मिश्रीचा उल्लेख टाळला तर हा लेख अपुरा राहील. तंबाखू असलेल्या टूथपेस्ट आणि दंतमंजनांवर केंद्र सरकारने १९९२ मध्ये बंदी घातली; पण घरच्या तव्यावर तंबाखू भाजून तिची पूड करायला कोणाचा परवाना लागतो? दंतवैद्य दिवसातून दोनदा दात घासा म्हणतात, तर मिश्री लावणारे घर पाच-सहा वेळा घासते, कारण निकोटिनची तलफ घड्याळापेक्षा काटेकोर असते. हिरड्या सोडून जातात, गालाच्या आत पांढरे चट्टे येतात, त्यांतल्या काहींचा पुढे कर्करोगही होतो. परंतु स्वच्छतेची एवढी निष्ठा अन्यत्र पाहायला मिळत नाही, हे मान्य करावेच लागेल.

मोबाइलवर रोज सकाळी येणारा लिंबू आणि खाण्याच्या सोड्याचा उपायही करून पाहावा. सामू म्हणजे आम्लतेचे माप (pH), तो जितका कमी तितके आम्ल तीव्र; इनॅमल साधारण ५.५ सामूच्या खाली विरघळू लागते आणि लिंबाच्या रसाचा सामू दोनच्या आसपास असतो. सोडा त्यातले काही आम्ल मारतो, हे लक्षात घेऊन लिंबू सढळ हाताने पिळावे.

रात्रीचा ब्रश अर्थातच वगळावा. झोपेत लाळ कमी सुटते, त्यामुळे तोंडात राहिलेल्या साखरेला जीवाणूंखेरीज कोणी वाली उरत नाही, आणि उसाच्या जिल्ह्यात झोपण्यापूर्वीचा चहा फिका पिणे तर बरे दिसत नाही. कोणी विचारलेच, तर नळाला रोज पाणी येत नाही हे कारण पुढे करावे; सोलापुरात त्यावर कोणी वाद घालणार नाही. वास्तविक फ्लोराइडच्या पेस्टने दात घासल्यावर फेस नुसता थुंकायचा असतो, खळखळून चुळा भरल्या तर फ्लोराइड वाहून जाते, म्हणजे या कामाला पाणी जवळजवळ लागतच नाही. ही माहिती घराबाहेर जाऊ देऊ नये.

घासताना हिरडीतून रक्त आले, तर त्या जागेला ब्रश लावणे ताबडतोब बंद करावे. तिथे थर साचल्यामुळेच हिरडी सुजली आहे आणि ती जागा अधिक निगुतीने साफ करायला हवी, असे पुस्तकांत असते. आपण दुसऱ्या बाजूने चावावे. ठणका आपोआप थांबला तर पेढे वाटावेत. नस मेली की दाढ दुखत नाही, एवढेच.

इतके करूनही दवाखान्यात जावेच लागले, तर निघण्यापूर्वी अर्धा तास कसून ब्रश करावा, म्हणजे डॉक्टरांना सूज आणि रक्त दोन्ही ताजे मिळेल. दात किती वेळा घासता, असे त्यांनी विचारले तर दोनदा म्हणावे. त्यांनी साफसफाई सुचवली, तर त्याने दात हलतात असे ठामपणे सांगून नकार द्यावा. कीटणाने आतले हाड आधीच खाल्ले असून ते कीटणच आता दातांना एकमेकांशी धरून आहे, असे ते समजावू लागतील, तेव्हा घड्याळाकडे पाहावे. शेवटी सहा महिन्यांनी या, असे लिहिलेली चिठ्ठी मिळेल. ती घरी आणून विजेच्या बिलांच्या तारेला टोचून ठेवावी. मागच्या खेपेची चिठ्ठीही तिथेच, थोडी खाली, सापडेल.