जेफ बकलीवरचा तो फॉरवर्ड, चार वाक्यं आणि चारही गंडलेली

आमच्या कॉलेजच्या ग्रुपवर परवा परत तोच फॉरवर्ड आला. अमेरिकन गायक जेफ बकली म्हणे रॉकस्टार बापाच्या जिवावर आला, 'हालेलुया' हे गाणं लिहून अमर झाला, नशेत नदीत उडी मारून गेला, एका गाण्याचा गायक. खाली हात जोडलेले इमोजी.

अहो 'हालेलुया' त्यानं लिहिलंच नाही. ते कॅनडाच्या कवी-गायक लेनर्ड कोहेनचं, १९८४ चं, आणि तेव्हा कोलंबिया या रेकॉर्ड कंपनीनं ते गाणं असलेला अल्बम अमेरिकेत काढायलाच नकार दिलेला. मग १९९१ ला जॉन केल या गायकानं कोहेनकडून कडव्यांची १५ पानं फॅक्सवर मागवली, त्यातली निवडून पियानोवर गायला, बकलीनं उचललं ते केलचं, आणि १९९४ ला बकलीचा 'ग्रेस' हा अल्बम काढला कोणी तर त्याच कोलंबियानं. मिरजेत वाढलेल्याला यात नवल नाही, बंदिश कुणाची आणि गाजवली कुणी हे आपल्याकडं कायम वेगळंच असतंय.

आता बाप. टिम बकली गायक होता खरा, पण घरी कधी नव्हता. पोरगं ८ वर्षाचं असताना एकदा काय ती भेट, आणि १९७५ ला ओव्हरडोसनं गेला, वय २८. एक मात्र कबूल, १९९१ ला ब्रुकलिनच्या चर्चमध्ये बापाच्या स्मरणार्थ कार्यक्रम झाला तिथंच जेफ लोकांच्या नजरेत भरला. तेवढं दार बापाच्या नावानं उघडलं. पण पुढं न्यूयॉर्कच्या 'शिने' नावाच्या बारक्या कॅफेत एकटा गिटार घेऊन गायचा ते स्वतःच्या गळ्यावर. आणि गायचा काय, तर पाकिस्तानी कव्वाल नुसरत फतेह अली खानांचं 'ये जो हल्का हल्का सुरूर है'! रेकॉर्डिंग आहे. नुसरत म्हणजे माझा एल्विस, असं म्हणायचा. मी ते सतारमेकर गल्लीतल्या मित्राला ऐकवलं, सतारीच्या भोपळ्याला पॉलिश पेपर मारत बसलेला, हात थांबवून म्हणाला, उच्चार सोड, पण पोरगं सुरात हाय की.

नशेचं तर डोकंच फिरलं माझं. २९ मे १९९७, मेम्फिसजवळची वुल्फ नदी, हा कपड्याबुटांसकट पाण्यात उतरला, लेड झेपलिन या रॉक बँडचं गाणं म्हणत पोहत होता, बोट गेली, लाट आली, परत दिसला नाही. वय ३०. शवविच्छेदनात ड्रग्ज निघाले नाहीत, दारूसुद्धा किरकोळ. बहुतेक बापाचं मरण पोराच्या नावावर चढवलंय कुणीतरी. आणि सांगलीच्या आयर्विन पुलाखाली पोहायला शिकलेल्या कुणालाही विचारा, ओढीच्या पाण्यात शुद्धीतला माणूसपण जातो.

राहिलं 'एक गाणं'. 'ग्रेस'मधल्या १० पैकी ७ गाण्यांच्या लिखाणात त्याचा हात आहे, आणि अल्बम तेव्हा अमेरिकेच्या खपाच्या यादीत १४९ नंबरच्या वर गेलाच नाही. 'हालेलुया' खरं चढलं ते तो गेल्यावर, २००८ च्या ख्रिसमसला ब्रिटनमध्ये अलेक्झांड्रा बर्क या गायिकेनं गायलेलं १ नंबरला आणि याचं २ ला. म्हणजे जिवंतपणी ज्या गाण्यानं त्याला धड खपवलं नाही, त्याच गाण्यात त्याला कोंबून टाकलंय.

हे सगळं ग्रुपवर टाकलं. एक अंगठा आला, आणि खाली लगेच कुणीतरी हळदीचा आजचा दर.