प्रीमॉडर्न नाइटबद्दल खुलासा, आधीचा मेसेज चुकलाय

मंडळी, प्रीमॉडर्न म्हणजे मॅजिक: द गॅदरिंग या कार्ड गेमचा फक्त जुनी कार्डं चालणारा फॉरमॅट (खेळायचा प्रकार). "शुक्रवारी जुन्या फ्रेमचं कुठलंही मॅजिक कार्ड चालेल" हा ग्रुपांवर फिरतोय तो मेसेज माझाच, घाईत टाकलेला, आणि तो चुकीचा आहे. प्रीमॉडर्नमध्ये फ्रेम (कार्डाची छापील चौकट) नाही, कार्ड कुठल्या सेटमध्ये (एकत्र काढलेल्या कार्डांच्या संचात) आलं ते बघतात, १९९५ च्या फोर्थ एडिशनपासून २००३ च्या स्कर्जपर्यंत. म्हणजे ड्युअल लँड्स आणि सोल रिंग ही कार्डं बाद, कारण ती फोर्थच्या आधीच्या रिव्हाइज्ड सेटपर्यंतच होती, फोर्थमध्ये आलीच नाहीत. हल्ली रेट्रो फ्रेममध्ये छापलेली नवी कार्डंही नाहीत, दिसायला कितीही जुनी वाटू देत. ब्रेनस्टॉर्म हे कार्ड सेटमध्ये बसतं पण त्यावर बॅन (बंदी) आहे (मलाही वाईट वाटतं). फॉरमॅटच्या साइटवरची सेटची आणि बॅनची यादी काल नीट वाचली तेव्हा चूक कळली. कोणी त्यावरून डेक बांधला असेल तर सॉरी, तो मेसेज प्लीज पुढे पाठवू नका, पाठवला असेल तिथे हा टाका.